नऊ सदतीसचं चित्र

यशवंत गेला त्याला आता सात आठवडे होतील. बातमी मला वहिनींच्या फोनवरून कळली, दुपारी एकला पाच-दहा मिनिटं कमी असताना. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग फोन तसाच चालू राहिला... बोलणं काही नाही, जिन्यावरच्या चपलांचा आवाज, खालच्या मजल्यावरच्या अम्मांची तेलुगूतली हाक, कुणीतरी दार ढकललेलं. फोन कानाला लावून मी ऑफिसात माझ्या समोरच्या पडद्याकडे पाहत होतो. तिथे यशवंतचं काम उघडं होतं. त्यानं लिहिलेल्या ओळी आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला त्याचा कर्सर. मला खरंच वाटलं की वहिनींचा काहीतरी घोटाळा होतोय. हा तर इथे काम करतोय.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी वहिनींना तेच सांगितलं. "बारापर्यंत तर कामात होता, वहिनी. मी पाहत होतो." त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पुढे इथे हैदराबादेत, तारनाक्याच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दोन-चार जण बोलले, आणि माझ्या हातात माइक आला. तिथे मी पुन्हा तेच सांगितलं, थोडं सजवून. बारा वाजेपर्यंत हा माणूस काम करत होता, मी त्याचा साक्षीदार आहे. लोकांनी माना हलवल्या. पहिल्यांदा बोललो तेव्हा मला ते खरं वाटत होतं. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मी साक्षीदार नव्हतो. यशवंतविषयी लिहायचं म्हणून बसलो की आधी हेच वर येतं, म्हणून आधी लिहून टाकलं.

आम्ही दोघं बावीस वर्षं ज्या प्रोग्रामवर काम करत होतो तो सांगायला सोपा आहे. एका जागी बसून दुसऱ्या जागेचा संगणक आपल्या पडद्यावर पाहायचा. आपला माउस तिथे फिरवायचा, आपण टाइप केलेलं तिथे उमटवायचं. आपसात आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. मोठ्या कंपन्यांचे असे प्रोग्राम ढीगभर आहेत; आमची गिऱ्हाइकं लहान. दोन गावांत दुकानं असलेले कापडवाले, रक्ततपासणीच्या लॅब, शाळांची कार्यालयं. आबिड्समध्ये रबरी शिक्के बनवणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं चार, त्यांत प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघंच. मी नवीन काही जोडायचो आणि यशवंत बिघडलेलं बरं करायचा. या धंद्यात बिघाडाला बग म्हणतात, यशवंत दुखणं म्हणायचा. सकाळी पिशवी खुंटीला अडकवता अडकवता विचारायचा, "आज कुठलं दुखणं आलंय?" आणि जाड पुठ्ठ्याची एक वही होती, तिच्यात प्रत्येक दुखणं मराठीत लिहून ठेवायचा.

मी साताऱ्याकडचा. एकोणतिसाव्या वर्षी नोकरीसाठी हैदराबादला आलो. यशवंत माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, जन्म तारनाक्याचा. त्याचे वडील नांदेड जिल्ह्यातून रेल्वेत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्याच्या मराठीत दख्खनी आणि तेलुगू इतकी सहज मिसळलेली असायची की पहिल्या आठवड्यात मला अर्धंच कळायचं. त्याच आठवड्यात मी खिडकीतून पहिल्यांदा त्याचा संगणक उघडला. त्याच्या पडद्यावर जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो होता, रस्ताभर आभाळी निळे झेंडे. माझ्याकडे ते झेंडे नारिंगी दिसत होते. रंग आकड्यांनी जातात, लाल-हिरवा-निळा असा त्यांचा क्रम असतो. दुसऱ्या टोकानं तो उलटा वाचला की असा घोळ होतो. यशवंत माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहत राहिला.

"हौ रे सातारकर... आमचा निळा तुझ्याकडे पोचेपर्यंत भगवा झाला की."

हसावं की माफी मागावी मला कळेना. आधी तो हसला, मग मी. संध्याकाळपर्यंत त्यानं ती एक ओळ शोधून सरळ केली आणि झेंडे निळे झाले. माझं आडनाव वेगळंच आहे, पण त्या दिवसापासून मी सातारकर झालो.

एक शब्द मात्र मला शिकायला फार वेळ लागला. एका लॅबचा फोन आला होता, खिडकीतून मराठी नावं टाइप केली की पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात म्हणून. यशवंतनं वहीत लिहिलं, 'परवापासून होतंय.' मी गेल्या तीन दिवसांत केलेला प्रत्येक बदल काढून पाहिला. मग पुन्हा घालून पाहिला. सहा दिवस गेले. सातव्या दिवशी वैतागून विचारलं, "परवा म्हणजे नक्की कधी?"

"परवा म्हणजे... झालं की दीड-एक वर्ष."

"दीड वर्षाला परवा म्हणतात?"

"मग काय म्हणतात? काल नाही ते परवा." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "तुमच्याकडे वेगळं असतंय का?"

इथे दख्खनीत 'परसों' म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. हैदराबादच्या मराठीनं ती सवय उचलली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मीही तसाच बोलायला लागलो. मी तो शब्द पुढच्या दिवसांसाठीही वापरू लागलो, हा फरक. करतो की परवा. बघू परवा. माझा परवा कधी येत नसे.

यशवंतची काम करायची रीत सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मी फसलो. तो दुखण्याच्या मागे धावायचा नाही. कोड उघडायचा, एका ओळीवर कर्सर नेऊन ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचा आणि पाहत बसायचा. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी खालून शिक्के कापणाऱ्या यंत्राची बारीक घरघर यायची, खिडकीच्या काचेतून उन्हाचा एक तुकडा फरशीवरून हळूहळू सरकत त्याच्या चपलांपर्यंत जायचा, तिथून टेबलाच्या पायावर चढायचा, आणि यशवंत तसाच. पापण्या तेवढ्या हलायच्या. मग एकदम दोन-तीन अक्षरं बदलायचा आणि म्हणायचा, "धरलं." मी त्याच्यासारखा बसून पाहिलं आहे. मला झोप लागायची.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट घातला. तीन जिने चढायला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हापासून तो नल्लकुंट्याच्या घरूनच काम करू लागला. त्याचा संगणक माझ्यासाठी कायम उघडा असायचा. "दार नुसतं लोटलंय, ये कधीपण," म्हणायचा. सकाळी नऊच्या सुमारास मी ऑफिसात येऊन खिडकी उघडायचो, त्याच्या पडद्यावर माझा बाण दोनदा हलवायचो, तो आपला बाण दोनदा हलवायचा. हा आमचा नमस्कार. मग दिवसभर त्याचं काम माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात चालू राहायचं, शेजारच्या खुर्चीत माणूस बसलेला असावा तसं. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की तो ऑफिसात येत नाही हे मी विसरून गेलो होतो. नल्लकुंटा आमच्या ऑफिसपासून स्कूटरवर वीस मिनिटं. दोन वर्षांत मी त्याच्या घरी गेलो असेन पाच वेळा... कदाचित चार.

आता माझ्या सुधारणेबद्दल. पूर्वी मधे नेट गेलं की आमची खिडकी काळी पडायची. गिऱ्हाईक घाबरायचं, फोन करायचं, ओरडायचं. मी एक युक्ती केली. जोडणी तुटली तरी शेवटचं चित्र पडद्यावर तसंच ठेवायचं आणि मागच्या मागे पुन्हा जोडायचा प्रयत्न करत राहायचं. बहुतेक वेळा काही सेकंदांत जोडलं जातं, समोरच्याला कळतही नाही. तक्रारी थांबल्या. मालकांनी पेढ्यांचा पुडा आणला. यशवंतनं पेढा खाल्ला आणि वहीत लिहिलं, 'समोरचा गेला तरी चित्र तसंच राहतं.'

मी खाली लिहिलं, 'माझ्याकडे ठीक चालतंय.'

तेव्हा तो अजून ऑफिसात येत होता. वाचून उठला, स्वतःच्या संगणकाची नेटची वायर उपटली आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. "बघ. मी गेलो. तुझ्याकडे मी आहेच."

"येईल की परत जोडलं जाऊन."

"नाही आलं तर? चित्र ठेव, नक्को काढू. पण जुनं आहे म्हणून सांग तरी. दुखणं बरं नाही केलंस तू, वर चादर टाकलीस."

"करतो परवा," मी म्हणालो. हे तीन वर्षांपूर्वीचं. चार ओळींचं काम होतं. त्यानं स्वतः केलं असतं, पण तो भाग माझा होता, आणि दुसऱ्याच्या भागाला न विचारता हात लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मध्ये दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला आम्ही बाण हलवले. ती आमची खरी शेवटची भेट. नव्या आवृत्तीत प्रोग्रामच्या सगळ्या सूचना मराठीत द्यायच्या होत्या, तो त्या लिहीत होता. एक-दोन ओळी उमटताना मी पाहिल्या आणि माझ्या कामाला लागलो. दहा वाजता नजर गेली तेव्हा कर्सर एका ओळीच्या शेवटी उभा होता. अकरालाही तिथेच. मी मनात म्हटलं, बसलाय. बारा वाजता चहा पिताना पाहिलं, तरी तिथेच, आणि मला आठवतं, मला बरं वाटलं होतं. एवढा वेळ लागतोय म्हणजे काहीतरी मोठं धरणार. जिवंत पडद्यावर ओळीतला कर्सर लुकलुकत असतो. तो लुकलुकत नव्हता. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार आटोपून मी ऑफिसात आलो, पडदा उजळवला, तर खिडकी उघडीच होती आणि चित्र होतं. मी खुर्चीत बसलो आणि त्याच्यासारखा हात मांडीवर घेऊन पाहत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. नऊ सदतीस.

त्यानंतरचं मला काहीच माहीत नव्हतं. जोडणी नऊ सदतीसला तुटली होती आणि माझ्या सुधारणेनं ते माझ्यापासून लपवलं होतं. ती चार ओळींची सूचना असती तर मी फोन केला असता. त्यानं उचलला नसता तर निघालो असतो. दहा वाजता पोचलो असतो. तेवढ्यानं काही झालं असतं का, हे मी आजवर एकाही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

आणि तरी विहारात माइकवर मी बारा वाजेपर्यंत म्हणालो. त्याचं कारण लिहितो. कार्यक्रमाच्या आधी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "साडेदहाच्या सुट्टीत मी शाळेतून फोन केला होता, भाऊजी. उचलला नाही. मला वाटलं, कामात असतील. खालच्या अम्मांना वर जाऊन बघा म्हणायला हवं होतं." त्या बरकतपुऱ्यात शाळेत शिकवतात, तेव्हा परीक्षा चालू होत्या, म्हणून त्या दिवशी दुपारीच घरी आल्या होत्या. मी घाईनं म्हणालो, "कामातच होता." आणि मग सगळ्यांसमोर त्यावर शिक्का मारला. माझ्या मनात तेव्हा असं होतं की मी हे त्यांच्यासाठी करतोय. पुढच्या पाच आठवड्यांत कळलं की बारा वाजले असं म्हटल्यानं माझीही सुटका होत होती. सांगितलं तर साडेदहाचा तो फोन त्यांच्या गळ्यात पडणार, आणि नाही सांगितलं तर नऊ सदतीस माझ्या. मी रोज ठरवायचो, रोज पुढे ढकलायचो.

शेवटी एका रविवारी गेलो. निमित्त होतं त्याच्या संगणकावरून ऑफिसची कागदपत्रं काढून घ्यायचं. त्याच्या खोलीत सकाळचं ऊन होतं, टेबलावरची धूळ नुकती पुसलेली. वहिनी दाराशी उभ्या होत्या. खुर्चीवर बसायला मला होईना, मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. जोडणी म्हणजे काय, चित्र कसं राहतं, घड्याळ, नऊ सदतीस. बोलता बोलता मी फार तांत्रिक होत गेलो, जसं आम्ही लोक घाबरलो की होतो.

वहिनींनी मधेच थांबवलं. "मी आले तेव्हा पंखा बंद होता, भाऊजी."

मला कळलं नाही.

"लाइट नव्हती. अख्ख्या गल्लीची साडेनऊच्या पुढे गेली, ती संध्याकाळी आली. इन्व्हर्टरची बॅटरी तर दुरुस्तीला गेली होती. कॉम्प्युटर बाराला चालू कुठून असणार?" त्यांचा आवाज वर्गात समजावतात तसा होता. "आणि लाइट गेली की पहिला फोन तुम्हाला करायचे हे. 'सातारकर, मी गेलो रे' म्हणून. केला होता का त्या दिवशी?"

"नाही."

"मग तेच. लाइट गेली तेव्हाच हे फोन करायच्या पलीकडे होते." त्या दारातून आत आल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. व्हरांड्यात बोललात तेव्हाच. मला वाटलं, माझ्यासाठी खोटं बोलताय. मी घरी नव्हते ह्याचं मला लागू नये म्हणून. म्हटलं, बोलू दे. चांगला माणूस आहे."

"व्हरांड्यात मला माहीत नव्हतं, वहिनी. मी खरंच चित्राकडे पाहत बसलो होतो. विहारात माहीत होतं."

हे वाक्य बोलायला मला सगळ्यांत जड गेलं. त्यांनी मला दिलेला चांगुलपणा मी त्यांच्याच घरात त्यांना परत करत होतो.  त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा पेला होता.

"घ्या. मी साडेदहाला उठले नाही, तुम्ही दहाला उठला नाहीत. दोघांनाही वाटलं, कामात आहेत. आता निदान खोटं तरी सांभाळायला नको." पेला माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ते चित्र आहे अजून?"

होतं. पाच आठवडे मी तो संगणक बंद केला नव्हता, वर कागद चिकटवला होता, 'बंद करू नये.' शनिवारी शाळा सुटल्यावर वहिनी आबिड्सला आल्या. जिने चढून दम लागला होता, तरी खुर्ची पुढे ओढून लगेच पडद्याजवळ बसल्या. चष्मा लावला आणि वरून एकेक सूचना वाचायला लागल्या, तपासायच्या वह्या वाचतात तशा. 'जोडणी होत आहे.' 'पासवर्ड चुकला, पुन्हा लिहा.' शेवटची ओळ अर्धी होती, 'कृपया थोडा वेळ', आणि पुढे तो न लुकलुकणारा कर्सर.

"कृपया," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत माझ्याशी कधी कृपया बोलले नाहीत. गिऱ्हाइकांशी बरं सुचतं." त्या हसल्या, आणि हसता हसता चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मी दुसरीकडे पाहिलं.

"ह्याचा फोटो काढून देऊ का? येतो काढता."

"नको. फोटो पुष्कळ आहेत घरी. त्यांत हे असतात तरी. ह्यात कुठे आहेत?" चष्मा पुन्हा लावून त्यांनी एकदा कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. "बंद करा आता, भाऊजी."

मी बंद केलं. वहिनी उठून जिना उतरल्या, त्यांना रिक्षात बसवून मी वर आलो आणि त्या चार ओळी लिहिल्या. अर्धा तासही लागला नाही. आता जोडणी तुटली की चित्र राहतं, पण पुसट होतं, आणि त्यावर लिहून येतं की हे चित्र इतक्या वाजताचं आहे. नवी आवृत्ती बाहेर गेली त्या आठवड्यात एका कापडवाल्याचा फोन आला. "साब, मधेच चित्र फिकं पडतंय. बिघडलं की काय?" मी त्यांना म्हणालो, बिघडलेलं नाही, पलीकडे कुणी आहे का ते फोन करून विचारा.

माझा पडदा रुंद आहे. माझं सगळं काम मी अजून उजव्या अर्ध्यातच मांडतो. डाव्या अर्ध्यात यशवंतची जागा होती. परवा ऑफिसात नव्यानं आलेल्या बाईंनी विचारलं की एवढी जागा रिकामी का सोडलीय, पसरा की काम. मी हो म्हणालो आणि एक खिडकी डावीकडे ओढली, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर ती मीच पुन्हा उजवीकडे आणून ठेवली होती.